तिसरी बाटली

साताऱ्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत विज्ञानाचं एक छोटं सदर असे. एक फोटो आणि त्याखाली दीड स्तंभ मजकूर, एवढीच त्याची जागा. नव्वदच्या दशकाच्या मध्याला ते सदर माझ्याकडे होतं. त्या काळी मजकूर जुळवून झाला की गुळगुळीत कागदाच्या पट्ट्या हातात येत आणि त्या ब्लेडनं कापून पानावर चिकटवाव्या लागत. एप्रिलमधल्या एका गुरुवारी पट्टी सहा ओळींनी लांब निघाली. शेवटच्या सहा ओळी मी कापल्या. तसं कोणी सांगितलं नव्हतं, ऐन वेळी जाहिरातही आली नव्हती. फोटो थोडा लहान केला असता तर त्या ओळी बसल्या असत्या. फोटो चांगला होता, म्हणून केला नाही.

फोटो माझ्या मामाचा होता.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. सातारा जिल्हा संपून सांगली जिल्हा सुरू होतो त्या पट्ट्यातल्या एका गावात तो राहायचा आणि तिथल्या गुऱ्हाळात जाळ घालायचा. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या लोखंडी काहिलीत उकळून त्याचा गूळ करतात. काहिलीखाली जमिनीत चुलवाण, म्हणजे मोठी चूल, असतं आणि चुलवाणाच्या तोंडाशी एक खड्डा. त्या खड्ड्यात बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारत राहायची, हे मामाचं काम. एक काहील उतरेपर्यंत जागचं हलता येत नाही. वर उभा राहून पाकाचा अंदाज घेतो तो गुळव्या. मान त्याचा असतो, चहा आधी त्याला मिळतो. खड्ड्यातला माणूस कुठल्याही गुऱ्हाळात सगळ्यात खालचा धरला जातो.

या गुऱ्हाळात तसं नव्हतं. जाळ एकसारखा नसला तर गुळाचा रंग जातो, आणि मामाचा जाळ एकसारखा होता. सांगलीच्या बाजारात त्या गुऱ्हाळाच्या ढेपेचा पिवळा रंग ओळखला जाई. तो रंग खड्ड्यातून येतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वीसेक हंगामांत चार गुळवे बदलले. खड्ड्यातला माणूस बदलला नाही. मामाकडे शेती नव्हती, शिक्षण नव्हतं. गावात त्याचं नाव होतं ते या एका गोष्टीवर.

तो विडी पेटवायला काडी वापरत नसे. चुलवाणाच्या तोंडातून निखारा दोन बोटांत उचलायचा, विडीला लावायचा आणि परत आत टाकायचा. मार्चमध्ये फोटो काढायला गेलो तेव्हा मी त्याच्या शेजारी खड्ड्यात उतरून पाहिलं. पाच मिनिटंही बसवलं नाही.

"का रं भाच्या? लगीच?"

"मामा, तुम्ही बसता कसे इथे?"

"तुझ्या हापिसात पंखा हाय म्हणं. त्यो बंद पडला की तू कसा बसतूस? तसंच."

वरून गुळव्या ओरडला, "आवं पत्रकार, ह्याला उद्या सरणावर ठिवला तर उठून बसंल. म्हणंल, जाळ सारका न्हाई, सरका बाजूला!"

"आणि तू काय करशील?" मामानं मान वर न करता विचारलं. "तवाबी चहाच पिशील."

हे संभाषण वहीत उतरवून घेतलं होतं, म्हणून शब्दांसकट सांगता येतं. आणखी एक गोष्ट त्या दिवशी ऐकली होती, ती वहीत नाही. ती तेव्हा महत्त्वाची वाटली नाही. दर वर्षी दिवाळीनंतर हंगाम सुरू होताना चुलवाण माती, शेण आणि भुसा कालवून नव्यानं लिंपत. मग पहिले दोन दिवस एकच काहील, पुढचे तीन-चार दिवस दोन, आणि आठवडा उलटला की दिवसाला चार. ओलं लिंपण एकदम तापलं तर तडकतं, हे त्याचं कारण. गुऱ्हाळाच्या मालकाला घाई असायची. मामा ऐकत नसे. "चुलवाण कच्चं हाय, दमानं भाजू द्या," एवढंच म्हणायचा, आणि या बाबतीत त्याचा शब्द चालायचा.

त्यानंतरच्या आठवड्यात पेठ नाक्यावर एसटी बदलून सांगलीला गेलो. तिथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई फळमाश्यांवर काम करत. केळ्याभोवती घोंघावतात त्या बारीक माश्या. त्यांना रवा आणि गूळ शिजवून खायला घालत. गूळ सांगलीच्या बाजारातला. बाईंचा विषय होता उष्णता आणि पेशी.

पेशीचं सगळं काम प्रथिनांवर चालतं आणि प्रत्येक प्रथिन ठरावीक घडीत दुमडलेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. उष्णता वाढली की घड्या उलगडतात आणि उलगडलेली प्रथिनं एकमेकांत अडकून बसतात. अंडं उकडल्यावर त्यातलं पाणीदार पांढरं घट्ट होतं ते असंच, आणि ते परत पातळ होत नाही. पेशी मात्र प्रतिकार करते. ऊब वाढू लागली की ती एक वेगळीच प्रथिनं भराभर बनवते. त्यांना हीट शॉक प्रोटीन म्हणतात. ती उलगडू लागलेल्या प्रथिनांना धरून ठेवतात, गुंता होऊ देत नाहीत, जमेल तिथे घडी परत घालतात. तीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या एका प्रयोगशाळेत माश्यांच्या पेटीचं तापमान चुकून वाढलं आणि त्यातून हे पहिल्यांदा लक्षात आलं.

"आणि ही प्रथिनं बनवताना पेशी तिची नेहमीची कामं जवळजवळ थांबवते," बाई म्हणाल्या. "लोकांना वाटतं सहनशक्ती म्हणजे ताकद. ती ताकद नाही. जिवावर बेतल्यावर केलेली सोय आहे."

मग त्यांनी प्रयोग दाखवला. टेबलावर काचेच्या तीन छोट्या बाटल्या होत्या, प्रत्येकीत पंधरा-वीस माश्या. पहिली बाटली थेट गरम पाण्यात ठेवली. माश्या तळाशी पडल्या, त्यातली एखादीच पुन्हा हलली. दुसऱ्या बाटलीला सकाळी तासभर सोसेल एवढी ऊब देऊन ठेवली होती. ती तितक्याच गरम पाण्यात तितकाच वेळ ठेवली. थोड्या वेळानं त्यातल्या बऱ्याच माश्या उठून काचेवर चढू लागल्या.

"आता तिसरी," बाई म्हणाल्या. "हिला दुसरीइतकीच ऊब दिली होती. पण आज नाही, तीन दिवसांपूर्वी."

तितक्याच गरम पाण्यात तिसऱ्या बाटलीतल्या माश्या पहिलीसारख्याच तळाशी पडल्या.

"ती प्रथिनं टिकत नाहीत. धोका टळला की पेशी ती मोडून टाकते, मग पुन्हा पहिल्यापासून. माणसाच्या शरीराचं गणित माश्यांपेक्षा वेगळं आहे. तिथे घाम आहे, रक्त आहे, मीठ-पाणी आहे, आणि तिथली सवय दिवसांत नाही, आठवड्यांत मोडते. पण मोडते. तुमचे मामा हंगाम संपल्यावर घरी बसतात ना?"

"पाच-सहा महिने."

"मग दिवाळीला ते आणि तुम्ही फार वेगळे नसता. ही तिसरी बाटली नक्की लिहा हं. पहिल्या दोन सगळे लिहितात."

लिहिली होती. शेवटच्या सहा ओळी तिच्याच होत्या.

छापून आलेल्या मजकुराचा शेवट त्यामुळे दुसऱ्या बाटलीवर झाला, माश्या काचेवर चढताना. त्याच्या अलीकडे मामाविषयी एक वाक्य होतं: वर्षानुवर्षांच्या सवयीनं या माणसाच्या पेशी आगीला सरावल्या आहेत, त्याला जाळाचं काही वाटत नाही. सहा ओळी त्याला जोडून असत्या तर ते वाक्य अर्धं खरं ठरलं असतं. एकटं ते खोटं होतं. छापताना ते आवडलं होतं.

मे महिन्यात बाईंचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एका ओळीचा: तिसरी बाटली का गाळलीत? जागेअभावी, असं उत्तर पाठवलं. पुढच्या रविवारी दोन ओळींचा खुलासा टाकता आला असता. तो टाकायला दिवाळीपर्यंत सहा महिने हाताशी होते.

गावात कात्रणाची दोन-चार दिवस चर्चा झाली. मामानं ते प्लास्टिकच्या कागदात घालून घेतलं. मालकानं ते गुऱ्हाळात देवाच्या कॅलेंडरशेजारी लावलं आणि गूळ न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला दाखवलं. "आमचा जाळवाला. पेपरात हाय बगा."

त्या पावसाळ्यात मालकानं जुनं मातीचं चुलवाण पाडून भट्टीच्या विटांचं बांधून घेतलं. कऱ्हाडहून आलेल्या गवंड्यानं सांगितलं की याला भाजायची गरज नाही, पहिल्या दिवसापासून हवा तेवढा जाळ घाला. दिवाळी झाली. हंगामाच्या आदल्या दिवशी मालकानं ऊस चार काहिलींपुरता तोडायला सांगितला.

मी तेव्हा साताऱ्यात होतो. पुढचं मामी, गुळव्या आणि ऊस गाळणाऱ्या चरकाचं इंजिन चालवणारा, या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेलं आहे. तिघांच्या सांगण्यात फरक नाही.

मामा म्हणाला होता, "पयले दोन दिवस एकच घ्यावी मालक."

"का? चुलवाण तर पक्कं हाय."

मामा चिपाडं खड्ड्याशी ओढू लागला. मालक हसला आणि कात्रणाकडे बोट करून म्हणाला, "का तूच कच्चा झालास? पेपरवाल्यास्नी कळवाय पायजे मग."

सगळे हसले. मामाही हसला आणि खड्ड्यात उतरला.

पहिल्या दिवशी चार काहिली झाल्या. घरी आल्यावर तो जेवला नाही. पोटऱ्यांत गोळे येत होते, दोनदा ओकारी झाली. सकाळी मामीनं आडवं येऊन सांगितलं, "आवं, आजच्या दिस ऱ्हावा. अंगात पाणी न्हाई तुमच्या."

"काय म्हणतील लोक?"

"म्हणूद्यात की! लोक येणार हाईत व्हय पोटऱ्या चोळाय?"

"फोटू लावलाय तिथं माजा," मामा म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसरी काहील चालू असताना जाळ उतरला. गुळव्यानं वरून हाक मारली, "जाळ बसला रं!" उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारून त्यानं वाकून पाहिलं. मामा चिपाडं चुलवाणाच्या तोंडात न घालता बाजूच्या भिंतीवर सारत होता. अंग कोरडं होतं, घामाचा थेंब नव्हता. काहीतरी बोलत होता, पण जीभ जड झाली होती.

गुळव्या म्हणाला, "काय गड्या, दुपारीच लावली व्हय?"

पुन्हा सगळे हसले. तेवढ्यात मामा पुढे कलंडला. इंजिनवाल्यानं उडी मारून त्याला ओढलं नसतं तर तोंड चुलवाणातच गेलं असतं. बाहेर काढून बाजेवर ठेवला. अंग कढत होतं आणि थरथरत होतं. थंडीताप समजून कोणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकली, आणखी एकानं दुसरी. दोन घोंगड्यांखाली तो अर्धा तास होता. मामी धावत आली, तिनं त्या काढून फेकल्या आणि हौदातलं पाणी घागरीनं त्याच्यावर ओतलं. तिला पेशी, प्रथिनं काही माहीत नव्हतं. कढत वस्तू झाकून ठेवली तर ती निवत नाही, हे ती रोज चुलीपाशी बघत होती. डॉक्टर पुढे म्हणाले की जीव वाचला तो त्या घागरींमुळे.

सांगलीच्या दवाखान्यात तो अकरा दिवस होता. मी पोहोचलो तेव्हा तिथले डॉक्टर मामीला विचारत होते, "पितात का?"

"विडी वडत्यात सायेब."

"दारू विचारतोय."

"कंदी न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून दुजोरा दिला. त्यांनी कागदावर काय लिहिलं ते दिसलं नाही.

उष्णतेनं मेंदूतला, शरीराचा तोल सांभाळणारा भाग दुखावला होता. मामा शुद्धीवर आला, माणसं ओळखू लागला, हिशेबात, आठवणीत काही कमी नव्हतं. पण चालताना पाय फाकवून, झोकांड्या खात चालायचा आणि बोलताना शब्द एकमेकांवर चढायचे. भरलेला पेला तोंडापर्यंत जाईतो अर्धा सांडायचा. डॉक्टर म्हणाले, यापेक्षा फार सुधारणार नाही. शेवटच्या दिवशी निघताना त्यांनी मामीला बजावलं की यापुढे यांना उन्हातही फिरू देऊ नका.

मालकाला भेटायला गेलो. तो अदबीनं बोलला. चहा सांगितला, दवाखान्यात काय लागलं ते विचारलं. मग म्हणाला, "मी तरी काय करणार? पेपरात तुमीच लिवलं हुतं न्हवं? की त्याला जाळाचं काय वाटत न्हाई म्हणून?"

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हणालो.

त्यानं भिंतीकडे हात केला. जाऊन वाचलं. तसंच लिहिलेलं होतं.

गावातला गैरसमज महिन्याभरात पक्का झाला. झोकांड्या खाणारा, अडखळत बोलणारा माणूस लांबून कसा दिसतो, हे सांगायला नको. ज्यांनी त्याला बाजेवर उचलून ठेवलं होतं त्यांना खरं ठाऊक होतं, पण ते चार-पाच जण होते. बाकीच्यांनी आपापली गोष्ट जुळवली: पिऊनच खड्ड्यात उतरला असणार, म्हणून तर पडला. गुळव्याचं ते वाक्य कुणाकुणाच्या तोंडी फिरत राहिलं. एकदा एसटीच्या कंडक्टरनं मामाला गाडीत चढू दिलं नाही. "उतरा काका, पिऊन बसायचं न्हाई." मामानं समजावायला तोंड उघडलं आणि जीभ अडखळली. कंडक्टरला तेवढा पुरावा पुरला. एका लग्नात मांडवाच्या दारातच पुतण्यानं दंडाला धरून त्याला घरी आणून सोडलं. पुतण्याला खरं माहीत होतं. पाहुण्यांना काय सांगायचं, म्हणून त्यानं तसं केलं.

त्यानंतर मामानं निरोप पाठवून मला बोलावून घेतलं.

"पेपरात लिव," तो म्हणाला. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला. "दोनच वळी. ह्यो मानूस पीत न्हाई. जाळानं झालंय."

साताऱ्याला येऊन संपादकांसमोर विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एक माणूस दारू पीत नाही, ही बातमी होते का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आणि मूळ मजकुरात चूक होती असं छापायचं, तर ती कोणाची, तेही छापावं लागेल." त्यांनी नकार दिला नाही. पुढचं माझ्यावर सोडलं. दोन ओळी लिहून काढल्या, खिशात ठेवल्या. त्या आठवड्यात पान भरलेलं होतं. पुढच्या आठवड्यातही होतं. मग सदर दुसऱ्याकडे गेलं.

पुढच्या दिवाळीच्या सुमारास वही घेऊन गावी गेलो. गाळलेल्या सहा ओळी वहीत मूळ स्वरूपात होत्या. त्या मामाला वाचून दाखवल्या: हंगाम सुटला की सराव मोडतो, दर वर्षी तो नव्यानं, थोडा थोडा करावा लागतो, पहिले दिवस धोक्याचे. या ओळी छापल्या असत्या तर कदाचित हे टळलं असतं, असंही सांगितलं. मामी भाकरी थापता थापता थांबली.

मामानं ऐकून घेतलं. नंतर तो बोलला ते तुटक होतं, दोनदा विचारून समजून घ्यावं लागलं. इथे सलग देतो.

"हे मला कुणी सांगाय पायजे हुतं व्हय? ईस वरसं खड्ड्यात मी बसलो, का तुझ्या माश्या? पयल्या दिशी डोळ्यापुढं अंधारी येती, आठव्या दिशी काय वाटत न्हाई. दरसाली. मालकाला कसं सांगायचं? मला झेपत न्हाई म्हटलं तर दुसरा मानूस बघंल. म्हणून चुलवाण कच्चं हाय म्हणायचो. चुलवाणाला कोण हासत न्हाई."

पेल्यातलं पाणी सांडलं. मामीनं पुसून घेतलं.

"विटा आल्या, चुलवाण पक्कं झालं. मग ऱ्हायलं काय सांगायला? आनी वर तुजा फोटू."

तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर माफी तरी मागता आली असती, तेवढीही सोय त्यानं ठेवली नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "त्या दोन वळींचं काय झालं?"

"टाकतो," मी म्हणालो.

निघताना वाटेत गुऱ्हाळ लागलं. नव्या हंगामाचा पहिला दिवस होता आणि खड्ड्यात नवा माणूस होता, पंचविशीतला, शेजारच्या गावचा. किती काहिली, असं विचारलं तर म्हणाला, "चार." पहिल्या दिवशी एक किंवा दोनच घ्याव्यात, असं त्याला सांगितलं. तो मालकाकडे बघून हसला. मालकानंही हसून मान हलवली.

कात्रण कॅलेंडरशेजारी होतं. दीड वर्षात धुरानं प्लास्टिक पिवळं पडून खालचा मजकूर वाचता येत नव्हता. फोटो अजून चांगला दिसत होता.